हातची चव आणि हातचे राखणे

मराठी भाषेत 'हात' या शब्दाभोवती जितके वाक्प्रचार जमले आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाभोवती जमले असतील. त्यांतले दोन स्वयंपाकघरात नेहमी भेटतात. एखादीच्या भाजीची वाखाणणी करायची असली की आपण म्हणतो, 'तिच्या हाताला चव आहे हो!' आणि त्याच भाजीची कृती विचारल्यावर ती मोघम उत्तरे देऊ लागली की म्हणतो, 'हातचे राखून सांगते.' पहिली गोष्ट गुणाची, दुसरी स्वभावाची. माझे म्हणणे असे की, आपल्याकडे पहिलीचे कौतुक वाजवीपेक्षा अधिक होते आणि दुसरीविषयी कोणी बोलतच नाही. परिणामी, घरोघरी रोज नवे प्रयोग होतात, रोज काही ना काही शिकले जाते आणि ते सारे त्या त्या घराच्या चुलीतच विझून जाते. हे थांबले पाहिजे. स्वयंपाकाची हौस असणाऱ्यांनी आपले प्रयोग, आपल्या युक्त्या आणि आपली फजितीसुद्धा एकमेकांना मोकळेपणाने सांगितली पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात वरणभाताची चर्चा कशाला, असे काही विद्वान मित्र विचारतील. येथे कविता शोभते, ललित निबंध शोभतो, फार तर एखादे प्रवासवर्णन शोभते. फोडणी कशी शोभावी? या मित्रांना माझा नम्र प्रतिप्रश्न असा आहे की, पाककलेच्या नावातच जर 'कला' आहे, तर कलाशाखेने तिला दारातून परत का पाठवावे? आपण इतिहास शिकतो, समाजशास्त्र शिकतो, भाषा शिकतो. एका भाकरीत हे तिन्ही विषय सापडतात. राजा-महाराजांनीसुद्धा हा विषय हलका मानला नव्हता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभाराबरोबरच अन्नाविषयीही सविस्तर लिहिले आहे. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या पंडिताने 'भोजनकुतूहल' नावाचा ग्रंथच लिहिला. छापखाने आल्यावर १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' मराठीत निघाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' आले आणि त्यात हजार पाकक्रिया आल्या. म्हणजे जे ज्ञान आईकडून मुलीकडे आणि सासूकडून सुनेकडे तोंडी चालत होते, त्याला कागदावर आणण्याची धडपड आपल्या भाषेत दीडशे वर्षे चालली आहे.

या परंपरेतला सर्वांत मोठा टप्पा म्हणजे १९७० साली प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा'. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, निदान मावशीच्या किंवा आत्याच्या घरी, हे पुस्तक असेल. पाने पिवळी पडलेली, कोपऱ्यावर हळदीचे बोट उमटलेले. कमलाबाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते. पाककला त्या घरात, सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या. तरीही त्यांनी जे काम केले ते एखाद्या शास्त्रज्ञाला शोभावे असे आहे. 'अंदाजाने घाला', 'चवीपुरते', 'पुरेसे पाणी' अशा शब्दांनी नवशिक्याचा जीव टांगणीला लागतो. कमलाबाईंनी घरातली वाटी आणि चमचा हेच माप धरले. तराजू नसलेल्या घरातही वाटी असते. वाटी लहान असो की मोठी, एका वाटीला दोन वाट्या हे प्रमाण काही बदलत नाही. इतकी साधी गोष्ट, पण तिने लाखो घरांत स्वयंपाक शिकवला. ज्यांनी आपल्या हाताची चव वाटीत मोजून इतरांच्या स्वाधीन केली, त्यांच्या हाताची चव कमी झाली नाही. उलट ती घरोघर गेली. हातचे राखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

'पण स्वयंपाक काही पुस्तकाने येत नाही, तो हातालाच यावा लागतो,' असे जुन्या बायका सांगतात. त्यात तथ्य आहे. परंतु 'हाताला येणे' म्हणजे काय याचा थोडा विचार केला तर त्यात जादू काहीच उरत नाही. आपल्याच भागातले उदाहरण घेऊ. दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात येतो. जुन्या तांदळाच्या सवयीने तितकेच पाणी घातले की भात गिच्च होतो. आजी मात्र तांदूळ हातात घेते, दोन दाणे दाताखाली धरते आणि पाणी कमी करते. लोक म्हणतात हाताला सवय आहे. खरे कारण एवढेच की, नवा तांदूळ पाणी कमी मागतो आणि लवकर चिकटतो, तर वर्षभर मुरलेला तांदूळ पाणी जास्त घेतो आणि मोकळा होतो. हे एका वाक्यात सांगता येते. ते वाक्य कोणी सांगितले नाही म्हणून नव्या सुनेला चार वेळा गिच्च भात करावा लागतो आणि चार वेळा बोलणी खावी लागतात.

मडक्यावरच्या लांब रोटीचेही तेच. विदर्भाबाहेरचा माणूस ही रोटी प्रथम पाहतो तेव्हा थक्क होतो. चुलीवर मडके पालथे घातलेले, कणीक इतकी सैल की ती पोळपाटावर लाटताच येऊ नये, आणि करणारी बाई ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत रुमालासारखी पसरून मडक्यावर टाकते. हे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचे, हे मान्यच. पण त्या कसबाच्या पाठीशी एक सांगण्याजोगी गोष्ट आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते पुष्कळ वेळ मळले, आपटले आणि मग मुरू दिले म्हणजे त्यातले चिवट प्रथिन जाळ्यासारखे गुंफले जाते. म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्याला हे ठाऊक आहे त्याची पहिली रोटी फाटेल, दुसरी फाटेल, पण तिसऱ्या वेळी काय कमी पडले ते त्याला कळेल. ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल, आपल्या हातात ही कला नाही, आणि सोडून देईल. सराव ज्याचा त्यानेच करावयाचा असतो. कारण मात्र दुसऱ्याला देता येते.

म्हणूनच मला वाटते की, प्रयोग सांगताना यशाबरोबर अपयशही सांगितले पाहिजे. आपल्याकडे होते काय, तर वडी थापली गेली, तिचे काप सुबक पडले, की ती शेजारी ताटलीत झाकून जाते. वडी चिघळली तर तिचा गुपचूप चुरा होतो आणि घरातलेच तो संपवतात. त्यामुळे शेजारणीला वडी कळते, पाक किती तारेचा हवा होता ते कळत नाही. विज्ञानशाखेचे मित्र प्रयोगवहीत फसलेला प्रयोगसुद्धा नोंदवतात. त्यांच्या शास्त्राची प्रगती त्यावरच झालेली आहे. आपण फसलेली वडी लपवतो, म्हणून पुढच्या पिढीची वडीही त्याच ठिकाणी फसते.

येथवरचा सगळा मामला चवीचा झाला. चव बिघडली तर एक जेवण बिघडते, फार काही बिघडत नाही. परंतु आपल्या भंडारा जिल्ह्यात स्वयंपाकाची एक युक्ती अशी आहे की जिच्याशी माणसाच्या पायांचा संबंध आहे. ती म्हणजे लाखोळीची डाळ. धान कापणीला येण्याच्या सुमारास ओल्या बांधीत लाखोळी फेकायची. उरलेल्या ओलीवर ती वाढते, खर्च जवळजवळ नाही, पाऊस दगा देवो की न देवो, ती काही ना काही देतेच. तिचा कोवळा पाला भाजीला, डाळ वरणाला, वड्यांना. गरिबाच्या घरची ही डाळ. पण तिच्यात एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात दुसरे काही मिळेनासे झाले आणि महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून हीच खाल्ली, तर माणसाचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मध्य भारतातील अशा पीडित गावकऱ्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत या डाळीच्या विक्रीला बंदी घालणारा नियम आला. बंदी योग्य की अयोग्य यावर नंतर पुष्कळ वाद झाले. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' असे कमी विषाचे वाणही काढले.

या वादात मला पडायचे नाही. माझे लक्ष वेधले ते एका घरगुती रीतीने. डाळ भरपूर गरम पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकून द्यायचे, मग भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी निथळून टाकायचे. हे विष पाण्यात विरघळते. म्हणून या रीतीने त्याचा बराचसा भाग निघून जातो, सगळा मात्र जात नाही. दुसरी सावधगिरी अशी की, ही डाळ रोजच्या जेवणाचा आधार होऊ द्यायची नाही. सणावारी वडे, अधूनमधून वरण, बाकी तूर आणि मूग. आता विचार करा: एका घरात आजीने सुनेला 'पाणी फेक' एवढेच सांगितले आणि कारण सांगितले नाही. सून पाणी फेकत राहिली. तिच्या मुलीने कुठेतरी ऐकले की डाळ भिजवलेले पाणी फेकू नये, त्यात सत्त्व असते. इतर डाळींच्या बाबतीत हा सल्ला ठीक असेलही. पण तोच सल्ला तिने लाखोळीला लावला तर? कारणाशिवाय आलेली रीत एका पिढीत तुटते. सांगायचे तर 'का' यासह सांगावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे ती यासाठी.

अशी उदाहरणे कितीतरी. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध. आपल्या फडताळांत अजून पितळी पातेली आहेत. पण कल्हई करणारे दारावर येईनासे झाले. कल्हई उडालेल्या पितळेत ताक, चिंच किंवा अंबाडी यांसारखे आंबट पदार्थ ठेवले तर ते कळकतात. आंबटाने तांबे सुटते, मळमळते, उलट्या होतात. 'कळकणे' हा शब्द आजीला माहीत आहे. आमच्या पिढीला शब्दही माहीत नाही आणि धोकाही माहीत नाही. पातेले मात्र हौसेने पुन्हा वापरात आले आहे! डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची युक्ती अनेकजण मोठ्या आनंदाने एकमेकांना सांगतात. डाळ शिजते खरी, पण सोड्याने तिच्यातले 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते, हे त्या युक्तीबरोबर कोणी सांगत नाही. उलट लोखंडी कढईत आंबट भाजी परतली की तिचा रंग काळपट होतो म्हणून कित्येकजणी ती कढई माळ्यावर टाकतात. तो काळपटपणा लोखंडाचा असतो. आणि ज्या मुलींना डॉक्टर रक्त कमी असल्याचे सांगून गोळ्या देतात, त्यांच्याच घरी ती कढई माळ्यावर गंजत पडलेली असते. एका बाईने दुसरीला सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, 'एवढी पुस्तके आहेत, खिशात मोबाईल आहे, बटण दाबले की कोणताही पदार्थ डोळ्यांसमोर होऊन दिसतो. मग आपण एकमेकांना आणखी काय सांगायचे राहिले?' प्रश्न रास्त आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, ते पदार्थ बहुधा आपल्या शेतातले, आपल्या चुलीवरचे आणि आपल्या भाषेतले नसतात. पुस्तकात 'कोथिंबीर' असते, आपण 'सांभार' म्हणतो. दक्षिणेकडच्या पाहुण्याला 'सांभारवडी' म्हटले की तो वाटीत पातळ डाळ शोधू लागतो! पुस्तकात 'शेंगदाणे' असतात, आपण 'फल्लीदाणे' आणतो. पुस्तकात 'चवळी', आपल्याकडे 'बरबटी'. हा केवळ शब्दांचा फरक मानू नये. तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी कोणत्या पावसानंतर खुडावी, मोहफुले वाळवण्याआधी त्यांतले केसर कसे काढावे, मामा तलावातला शिंगाडा उकडावा की वाळवून पीठ करावे, जवसाची चटणी किती दिवस टिकते आणि केव्हा खवट होते, हे सांगणारी चित्रफीत शोधून पाहा. सापडलीच तर ती आपल्या गावच्या बाईने सांगितलेली नसेल. आणि जी बाई सांगू शकते ती पलीकडच्या गल्लीत बसून तांदूळ निवडते आहे. तिला कोणी विचारलेले नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. छापील पाकशास्त्राने महाराष्ट्राच्या किती चुली पाहिल्या? शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची ती नोंद आहे. पुस्तकाच्या नावातच एक सवाल आहे. ज्या पाकग्रंथांना आपण पूर्ण समजतो, त्यांत गावकुसाबाहेरच्या चुलीला जागाच नव्हती. त्याआधी २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती एकत्र करून पुस्तिका काढली. 'विद्यार्थ्यांनी' या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ते तुमच्याआमच्यासारखेच वर्गात बसणारे होते. त्यांनी घरी जाऊन विचारले आणि लिहून आणले. जे पुण्याला जमले ते वरठीला का जमू नये?

उलट वरठीला तर ते अधिक जमावे. आपले गाव म्हणायला गाव, पण मुंबई-हावडा लोहमार्गावरचे भंडारा रोड स्टेशन आपल्या गावात आहे. सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आल्यापासून कुठकुठल्या प्रांतांतली कुटुंबे येथे नांदत आहेत. एका भिंतीला लागून झाडीपट्टीची चूल आणि छत्तीसगढची चूल आहे. पलीकडे बिहारची आहे. आपण रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतो आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातो. बिहारची माणसे लिट्टी तशीच गोवऱ्यांवर भाजतात, आत सातू भरतात आणि भाजलेल्या वांग्याच्या चोख्याबरोबर खातात. आपण तांदळाच्या पिठाचे धिरडे घालतो, छत्तीसगढी शेजारीण चीला घालते. दोन्ही तव्यांवरचा चर्रर्र आवाज एकच! एवढे साम्य असताना दोन घरांची ओळख 'नमस्ते भाभी'च्या पुढे सरकत नाही. मला वाटते, 'तुम्ही पीठ किती वेळ भिजवता?' या प्रश्नाने जितकी ओळख वाढते तितकी राष्ट्रीय एकात्मतेवरच्या भाषणाने वाढत नाही. आणि हा प्रश्न जात विचारत नाही. आपल्याकडे ताटावरून माणसे तोडली गेली, कोणाच्या घरचे पाणी चालते आणि कोणाच्या घरचे नाही यावरून पिढ्या वाटल्या गेल्या. तेव्हा कोणी एखादीच्या घरी जाऊन 'मला ही भाजी शिकवा' म्हणतो, तेथेच बसून ती खातो आणि घरी जाऊन तिच्या नावानिशी ती करतो, तेव्हा तो काही साधी गोष्ट करीत नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या हातचा रस्सा साऱ्या मोहल्ल्यात नावाजलेला. मसाल्याची कृती विचारली की त्या हसून विषय बदलतात. एकीला त्यांनी कृती सांगितली ती एक जिन्नस गाळून, असा प्रवाद आहे. आतापर्यंतच्या माझ्या विवेचनाप्रमाणे या बाई दोषी ठरायला हव्यात. पण त्या रश्शावर त्यांचे घर चालते, मुलांच्या फिया भरल्या जातात. नागपूरच्या सावजी भोजनालयांचेही तसेच. हलबा कोष्टी समाजाच्या घरातला मसाला हातमाग बसल्यावर पोटाचा आधार झाला. अशांना 'सांगा हो, ज्ञान वाटल्याने वाढते' असा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या गल्ल्यात हात घालून औदार्याचे धडे देणे होय. तेव्हा हौस आणि पोट यांत भेद केलाच पाहिजे. ज्याचे पोट त्या गुपितावर आहे त्याने ते जरूर राखावे, आपण विचारूही नये. माझी मागणी हौशी मंडळींकडे आहे. त्यांचे सांगितल्याने काही जात नाही. जातो तो फक्त थोडासा मोठेपणा.

आणि पोटाच्या बाबतीतही सारे सत्य गुपितात नाही. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' उभा राहिला. तेथे प्रत्येकीने आपापल्या हाताची चव राखली असती तर प्रत्येक पापड वेगळा झाला असता आणि धंदा बसला असता. पीठ एक, प्रमाण एक, म्हणूनच हजारो घरांत लाटलेला पापड एकाच चवीचा लागतो. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभारले. एकेकटी राबणारी बाई सावकाराच्या दारात होती. एकत्र आल्यावर बँकेच्या दारात गेली. सारांश, एकटीने राखलेले गुपित एक घर चालवते. अनेकींनी वाटून घेतलेले कौशल्य कधी कधी संस्था चालवते. दोन्हींना आपापली जागा आहे.

आणखी एक गोष्ट मुलग्यांनाच उद्देशून. मी स्वतः सुट्टीच्या दिवशी चुलीजवळ लुडबुड करणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून हे सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. आपल्यापैकी पुष्कळजण खोली करून राहतात. त्यांचा आहार म्हणजे सकाळी तर्रीपोहे, दुपारी समोसा आणि रात्री झटपट शेवया. डाळ-तांदूळ कोपऱ्यात असतात, करायला येत नाही. मुलींना मात्र यायला हवेच, असे घरच्यांनी गृहीत धरलेले. मग 'हाताला चव' हे कौतुक एका अर्थाने बेडीही होते. चव तिच्या हातात आहे म्हणून तिनेच आयुष्यभर रांधायचे! स्वयंपाक ही सांगण्याची आणि शिकण्याची विद्या आहे, दैवी देणगी नव्हे, हे एकदा मान्य केले की ती मुलग्यांना न येण्याचे कारणच उरत नाही. आंदण म्हणून हाताला चव मिळालेली नाही, अशी सबब सांगणाऱ्या माझ्या मित्रांनी एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी घेऊन आजच सुरुवात करावी.

लेख केवळ उपदेशावर संपवू नये म्हणून एक सूचना मांडतो. आपल्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. तिला 'पाकप्रयोगवही' म्हणा किंवा दुसरे काही म्हणा. विद्यार्थी, प्राध्यापक, शिपाईकाका, ग्रंथपाल, ज्याला वाटेल त्याने तीत लिहावे. नियम थोडेच असावेत. प्रमाण वाटी-चमच्यात द्यावे, 'अंदाजे' हा शब्द वर्ज्य. चूल, शेगडी की गॅस, आणि भांडे कोणते ते लिहावे, कारण जाड बुडाच्या पातेल्यात जे जमते ते पातळ डब्यात करपते. धान्य नवे की जुने, ऋतू कोणता, हे नोंदवावे. पदार्थ कोणाकडून शिकलो त्या व्यक्तीचे नाव, तिची परवानगी असल्यास, अवश्य द्यावे. पुस्तकातली कृती असेल तर पुस्तकाचे नाव द्यावे, शब्द उचलू नयेत. युक्तीमागचे कारण ठाऊक असेल तर लिहावे, नसेल तर जागा कोरी सोडावी. रसायनशास्त्राचे कोणी जाणकार ती भरतील. आणि प्रत्येक नोंदीच्या खाली एक ओळ सक्तीची असावी: 'पहिल्यांदा काय बिघडले?' ज्याचे काहीच बिघडले नाही त्याची नोंद मी तरी संशयाने वाचीन.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या सर्वांत वृद्ध बाईला एकच पदार्थ विचारून यावा. मोठ्या सणाचा नको, रोजचा चालेल. किंबहुना रोजचाच हवा, कारण पुरणपोळी कुठेही लिहिलेली सापडते, लाखोळीचे पाणी किती वेळा फेकायचे ते सापडत नाही. विचारताना हातात वाटी घेऊन जा. ती मूठ भरून दाखवील, ती मूठ वाटीत ओतून घ्या आणि आकडा लिहा. 'का' विचारा. ती म्हणेल, 'असंच करतात बापा.' तरी पुन्हा विचारा. दुसऱ्या खेपेला ती थांबून विचार करील, आणि बहुधा त्यानंतर ती जे सांगेल तेच वहीत लिहिण्यासारखे असेल.

ही वही वर्षाअखेरीस भरली तर पुढच्या वार्षिकांकात तिच्यातली निवडक पाने छापता येतील. संपादक मंडळाने त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत. हातचे राखायचेच असेल तर एवढेच राखावे!